मोरोक्को : मागून पुढे

मोरोक्कोच्या टूरचं कुठलंही पत्रक उघडा. कंपनी कुठलीही असो, नकाशा साधारण तोच. कासाब्लांकाला विमानातून उतरायचं, समुद्राकाठची हसन दुसरा मशीद बघायची, मग राबात, मेकनेस, वाटेत वोलुबिलिसचे रोमन अवशेष आणि फेझमध्ये दोन रात्री. तिथून एक अख्खा दिवस बसमध्ये. अ‍ॅटलसचे डोंगर ओलांडून वाळवंटाच्या कडेला, मेरझूगाला. उंटावरून सूर्यास्त, तंबूत मुक्काम, सकाळी परत बस. तोद्राची घळ, वरझाझात, आयत बेनहद्दूचं मातीचं गाव, तिशका घाट आणि शेवटी माराकेश. आठ-नऊ दिवसांत सगळं. थकायला होतं, पण फोटो झकास येतात.

आम्हीही हीच टूर केली. फेझहून निघालो त्या सकाळी आमच्या ग्रुपमधले ठाण्याचे एक काका खिडकीला डोकं टेकता टेकता म्हणाले, "चला, इतिहास संपला. आता दोन दिवस निसर्ग." बसमधल्या बहुतेकांना ते पटलं असावं, कारण तासाभरात सगळे झोपले होते.

काकांचा काही दोष नाही. पत्रकच तसं छापलेलं असतं. शहर म्हणजे इतिहास, डोंगर म्हणजे 'निसर्गरम्य प्रवास' आणि वाळवंट म्हणजे 'अविस्मरणीय अनुभव'. पण गंमत अशी आहे की हे बरोबर उलटं आहे. मोरोक्कोचा निदान ७००-८०० वर्षांचा इतिहास वाळवंटाच्या कडेला सुरू झाला, डोंगर ओलांडून आला आणि शहरांत येऊन स्थिरावला. टूरमध्ये आपण आधी निकाल बघतो आणि कारण नंतर, तेही झोपेत.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम कोसळला की पडद्यावर एररची लांबलचक यादी येते. नवखा माणूस पहिली ओळ वाचून घाबरतो. मुरलेला सरळ तळाशी जातो, कारण खरं कारण बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं. तर आज आपण मोरोक्कोची टूर तशी वाचू. तळापासून.

तळाशी एक गाव आहे, जे पत्रकात नाही. मेरझूगाच्या अलीकडे ३५-४० किलोमीटरवर रिसानी लागतं. गाव साधंच. धुळीचा रस्ता, खजुराची झाडं, गाढवांचा बाजार. त्या गावाला लागून पश्चिमेला मातीच्या काही पडक्या भिंती आहेत. बसमधून पाहिल्या तर एखादं अर्धवट सोडलेलं बांधकाम वाटेल. याचं नाव सिजिल्मासा. एके काळी सहाराच्या उत्तर काठावरचं सगळ्यात श्रीमंत शहर.

सिजिल्मासा वसलं इ. स. ७५७ च्या सुमारास. म्हणजे फेझच्या आधी आणि माराकेशच्या तर तीनशे वर्षं आधी! वसवणारे होते बर्बर लोक, खलिफाची सत्ता न मानणाऱ्या खारिजी पंथाचे. (बर्बर हा बाहेरच्यांनी दिलेला शब्द, ते स्वतःला अमाझिघ म्हणतात.) खलिफापासून जितकं लांब जाता येईल तितकं ते गेले आणि जिथे पाणी संपतं तिथे थांबले. अ‍ॅटलसमधून उतरणारी झीझ नदी इथवर येते आणि पुढे वाळूत जिरून जाते. हा सगळा खजुरांचा पट्टा म्हणजे ताफिलाल्त. नदीचं पाणी पुरेना म्हणून पुढे इथल्या लोकांनी जमिनीखालून मैलोन्‌मैल कालवे खणले, त्यांना खेत्तारा म्हणतात. मलिक अंबरची संभाजीनगरातली (जुन्या औरंगाबादमधली) नहर पाहिली असेल तर कल्पना येईल. जातकुळी तीच. उतार धरून पाणी अंधारातून आणायचं, म्हणजे उन्हाने आटत नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सिजिल्मासाच्या दक्षिणेला दोन महिन्यांचं वाळवंट. त्यापलीकडे सेनेगल आणि नायजर नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत नदीच्या गाळात सोनं. तिथल्या लोकांकडे सोनं होतं, पण मीठ नव्हतं. वाळवंटाच्या मधोमध मीठ होतं, पण दुसरं काहीच नव्हतं. आणि उत्तरेकडे भूमध्य समुद्राभोवतीच्या सगळ्या राजांना नाणी पाडायला सोनं हवं होतं. वाळवंट उतरण्याआधीचं शेवटचं पाणी आणि ओलांडून आल्यावरचं पहिलं पाणी म्हणजे सिजिल्मासा. बंदराला जसा समुद्र, तसा याला सहारा.

किती पैसा असेल? इब्न हौकल नावाचा प्रवासी ९५१ च्या सुमारास इथे आला होता. तो लिहितो की वाळवंटापलीकडच्या औदाघोस्त गावात त्याने एका व्यापाऱ्याच्या नावावरचा कागद पाहिला. सिजिल्मासाच्या माणसाचं येणं, रक्कम ४२,००० दिनार. एका दिनारात साधारण सव्वाचार ग्रॅम सोनं धरा. म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या वर सोनं, एका कागदावर, मध्ये पन्नास-साठ दिवसांचं वाळवंट! इब्न हौकल स्वतः व्यापारात मुरलेला माणूस. तो म्हणतो, पूर्वेत असलं काही मी पाहिलं नाही. असा कागद चालायचा तर दोन्ही टोकांना ओळखीचे लोक, हिशेब मानणारे काजी आणि शब्दाला किंमत लागते. हे सगळं तिथे होतं.

हा रस्ता कसा होता ते मात्र इब्न बतूताकडूनच ऐकावं. आपल्याला तो तुघलकाच्या दरबारातला काजी म्हणून शाळेत भेटलेला असतो. तो मूळचा मोरोक्कोच्या तांजियरचा. १३२५ मध्ये हजला म्हणून निघाला आणि पुढची बरीच वर्षं फिरतच राहिला. दिल्लीहून १३४२ मध्ये चीनला वकील म्हणून निघाला तेव्हा दौलताबादेतून गेला. तिथला किल्ला, त्यातली कैद्यांची कोठडी आणि तिथले मोठाले उंदीर, गाणाऱ्यांचा बाजार आणि मराठे लोक, सगळ्यांची नोंद त्याने केली आहे. पुढे तो गोव्यालाही होता. एवढं सगळं करून घरी परतल्यावर शेवटचा मोठा प्रवास त्याने केला तो सहारापलीकडे, माली राज्यात.

सिजिल्मासाला तो ज्याच्या घरी उतरला, त्याच्या सख्ख्या भावाला तो आधी चीनमध्ये भेटला होता. एक भाऊ चीनमध्ये, एक सहाराच्या काठावर, १३५१ मध्ये! आपल्याला वाटतं एक मुलगा अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात ही आपल्याच पिढीची गोष्ट. असो. चार महिने उंट आणि चारा जमवून १३५२ च्या फेब्रुवारीत काफिला निघाला. पंचवीस दिवसांनी तघाझा आलं. इथे घरं आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची होती, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. झाड नाही, पाणी खारट, खायला दुरून आणलेला खजूर आणि धान्य. खाणीत काम करायचे ते गुलाम.

पुढे वलातापर्यंत जाण्यासाठी 'तक्शीफ' नावाचा माणूस लागायचा. काफिल्याच्या पुढे एकट्याने जायचं, वलाताला चिठ्ठ्या पोचवायच्या, म्हणजे तिथले लोक पाणी घेऊन चार दिवसांच्या अंतरावर सामोरे येतात. तो वाटेत मेला तर वलाताला पत्ताच लागत नाही आणि अख्खा काफिला किंवा त्यातले बरेचसे मरतात. या कामाची मजुरी होती १०० मिथ्काल सोनं. एक मिथ्काल म्हणजे साधारण एका दिनाराचं वजन.

इथे एक लोकप्रिय गोष्ट जरा तपासून घेऊ. 'सहारात मिठाच्या वजनाइतकं सोनं मिळायचं' असं गाईड सांगतो, पुस्तकांतही असतं. इब्न बतूताने भाव लिहून ठेवले आहेत. उंटाचा एक बोजा मीठ वलाताला ८ ते १० मिथ्कालला जायचं, मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधीकधी ४० ला. ४० मिथ्काल म्हणजे सुमारे १७० ग्रॅम सोनं. बोजा मात्र शंभर किलोंच्या पुढचा. म्हणजे वजनाला वजन वगैरे काही नाही. पण वलाता ते राजधानी एवढ्या टप्प्यातच भाव तिप्पट-चौपट होतो हे बघा. हा फायदा जादूचा नव्हता, वाहतुकीचा होता. जो रस्ता ताब्यात ठेवेल त्याचा.

आणि रस्त्यावरून फक्त मीठ आणि सोनं जात नव्हतं. परतताना इब्न बतूता ज्या काफिल्याबरोबर आला त्यात ६०० गुलाम बायका होत्या. हे तो एका ओळीत सांगून पुढे जातो, जसं आपण ट्रकमधल्या मालाबद्दल बोलू. टूरमध्ये तंबूसमोर रात्री शेकोटीभोवती लोखंडी टाळांचं आणि ढोलांचं संगीत असतं ना, ते ग्नावा लोकांचं. त्यातल्या बहुतेकांचे पूर्वज याच वाटांनी आणलेले. २०१९ मध्ये ग्नावा संगीत युनेस्कोच्या यादीत गेलं. आपण टाळ्या वाजवून ताल धरतो, आणि धरावाही. पण तो ताल वाळवंट ओलांडून कसा आला हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

परतीच्या प्रवासाची एक नोंद तर थेट आपल्या बसच्या रस्त्याची आहे. १३५३ च्या कडाक्याच्या थंडीत तो सिजिल्मासाहून फेझकडे निघाला. तो म्हणतो की बुखारा, समरकंद, खुरासान सगळीकडचा बर्फ मी पाहिला, पण या डोंगरातल्या वाटेइतकी अवघड वाट पाहिली नाही. हा तोच मधला अ‍ॅटलस, जिथे बस देवदारांच्या जंगलात माकडांना शेंगदाणे घालायला थांबते.

फेझला सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्याने प्रवास सांगितला, इब्न जुझैयने लिहून घेतला आणि १३५५ मध्ये पुस्तक पुरं झालं. फेझमध्ये आपण जी बू इनानिया मदरसा बघतो, कोरीव लाकूड आणि निळ्या-हिरव्या फरशांची, ती याच सुलतानाची आणि याच वर्षांतली, १३५० ते १३५५. आणि याच दरबारात तेव्हा ट्यूनिसचा एक तरुण कारकुनी करत होता. वय बावीस-तेवीस. नाव इब्न खलदून.

हा इब्न खलदून पुढे लिहितो की इब्न बतूता हिंदुस्थानच्या राजाच्या, म्हणजे मुहम्मद तुघलकाच्या, ज्या गोष्टी सांगायचा त्या ऐकून दरबारातले लोक कुजबुजायचे की हा थापा मारतो. त्यालाही तसंच वाटलं. तेव्हा एका वजिराने त्याला समजावलं की आपण पाहिलं नाही म्हणून खोटं ठरवू नये. दौलताबादेला राजधानी हलवणाऱ्या सुलतानाच्या खऱ्या-खोट्याची चर्चा फेझच्या गल्लीत चालली होती हे वाचून मला फार मजा वाटली.

याच इब्न खलदूनने १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिला आणि त्यात उत्तर आफ्रिकेतल्या राज्यांचं एक गणित मांडलं. रानावनात, वाळवंटात, डोंगरात राहणाऱ्या टोळ्यांमध्ये घट्ट एकी असते, तिला तो 'असबिय्या' म्हणतो. त्या एकीच्या जोरावर त्या शहर जिंकतात. शहरात आल्यावर ऐषाराम, मग भाडोत्री सैन्य, मग जास्त कर. तीन-चार पिढ्यांत एकी संपते आणि कडेवरून नवी टोळी येते. आता टूरच्या शहरांना हे गणित लावून बघा.

मुराबित (इंग्रजी पुस्तकांतले अल्मोराविद) हे सहारातले, तोंडावर बुरखा घेणारे सन्हाजा पुरुष. त्यांनी १०५४-५५ मध्ये काय केलं? आधी सिजिल्मासा घेतलं आणि त्याच सुमारास रस्त्याचं दुसरं टोक, औदाघोस्तही. दोन्ही टोकं हातात आल्यावर ते डोंगर ओलांडून उतरले आणि १०७० च्या आसपास पलीकडे छावणी टाकली. ती छावणी म्हणजे माराकेश. 'मोरोक्को' हे नावसुद्धा माराकेशवरूनच पडलं. १०८६ मध्ये हेच लोक स्पेनमध्ये कॅस्टिलच्या राजाला हरवत होते. त्यांचं सोन्याचं नाणं इतकं खणखणीत की ते मिळेनासं झाल्यावर कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाने अरबी अक्षरांसकट तसंच नाणं पाडलं आणि नाव ठेवलं 'मारावेदी', म्हणजे मुराबितांचं.

त्यांच्यानंतर मुवाह्हिद (अल्मोहाद). हे डोंगरातले, उंच अ‍ॅटलसमधल्या तिनमेलचे. ११४७ मध्ये त्यांनी माराकेश घेतलं. माराकेशची कुतुबिया, राबातचा अर्धवट राहिलेला हसन मनोरा आणि स्पेनमधल्या सेव्हिलचा गिराल्दा ही त्यांचीच तीन भावंडं. हसन मनोरा अर्धवट का? कारण बांधवून घेणारा याकूब अल-मन्सूर ११९९ मध्ये वारला. मग मरिनी, पूर्वेकडच्या माळरानावरचे मेंढपाळ, त्यांनी १२४८ मध्ये फेझ घेतलं. मग सादी, वाळवंटाकडच्या द्रा नदीच्या खोऱ्यातले. आणि मग अलावी. हे आले थेट ताफिलाल्तमधून, सिजिल्मासाच्या अंगणातून. १६६६ मध्ये त्यांनी फेझ जिंकलं. मेकनेस राजधानी करणारा मौले इस्माईल त्यांच्यातलाच. आणि १९९९ पासून गादीवर असलेले राजे मुहम्मद सहावे हेही याच घराण्यातले. त्यांच्या मूळपुरुषाची, मौले अली शरीफची कबर रिसानीत आहे.

गणित सगळीकडे लागू पडत नाही हेही सांगायला हवं. फेझ वसवणारे इद्रिसी टोळीवाले नव्हते, पूर्वेकडून जीव वाचवून पळून आलेले निर्वासित होते. आणि नुसती एकी असून भागत नाही, खिशात पैसाही लागतो. मुराबितांची एकी सिजिल्मासा घेण्याआधीही होतीच. माराकेश मात्र नंतर झालं.

मग हे शहर संपलं कसं? ठरलेलं उत्तर असं की पोर्तुगीज जहाजं आली आणि उंट हरले. अर्धं खरं आहे. पोर्तुगीजांनी १४४५ च्या सुमारास आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अर्गिनला ठाणं केलं, १४८२ मध्ये आजच्या घानामध्ये एल्मिनाचा किल्ला बांधला आणि सोन्याचा मोठा वाटा समुद्राकडे वळला. त्याच मार्गाने पुढे वास्को द गामा आपल्याकडे पोचला. पण सिजिल्मासा त्याआधीच, १३९३ च्या सुमारास, आपसातल्या भांडणात मोडलं होतं. लोक आसपासच्या तटबंदीच्या गावांत, म्हणजे क्सारांत पांगले. व्यापार चालू राहिला, एक मोठं शहर मात्र राहिलं नाही.

सोन्याचा नाद काही सुटला नाही. १५७८ मध्ये पोर्तुगालचा २४ वर्षांचा राजा सेबास्टियन मोरोक्को जिंकायला आला आणि क्सार अल-कबीरच्या लढाईत मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून १५८० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेला. म्हणजे आपला गोवासुद्धा १६४० पर्यंत, साठ वर्षं, स्पेनच्या राजाच्या छत्राखाली होता, तो मोरोक्कोतल्या एका लढाईमुळे! तिथे गादीवर आलेला सादी सुलतान अहमद अल-मन्सूर. त्याने सरळ मुळावरच घाव घालायचं ठरवलं. सुमारे ४,००० सैनिक वाळवंटापार पाठवले आणि १५९१ मध्ये तोंदिबीला सोंघाई साम्राज्य मोडलं. सोनं आलं, पण नुसत्या लुटीचं आयुष्य किती? त्याचा माराकेशचा 'अल-बादी' महाल पुढे मौले इस्माईलने सोलून मेकनेसला नेला. आज तिथे पडक्या भिंती आणि करकोच्यांची घरटी बघायला तिकीट आहे.

आता शेवटचा प्रश्न. हे सगळं जर वाळवंटातून सुरू झालं, तर टूर कासाब्लांकापासून का सुरू होते? कारण १९१२. त्या वर्षी ३० मार्चला फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली (संरक्षण! वा!) गेलं. पहिला फ्रेंच रेसिडेंट जनरल ल्योते. त्याने राजधानी फेझहून राबातला, समुद्रावर आणली आणि कासाब्लांकाला मोठं बंदर केलं. देशाचे कागदावर दोन भाग झाले, 'उपयोगी मोरोक्को' आणि 'निरुपयोगी मोरोक्को'. पाऊस, शेती, खनिजं आणि बंदरं असलेला तो उपयोगी. डोंगर आणि वाळवंट निरुपयोगी. हजार वर्षं जी पुढची बाजू होती ती एका फटक्यात परसदार झाली. काकांचं 'इतिहास संपला, आता निसर्ग' हे वाक्य नकळत तिथूनच आलेलं आहे.

पण निरुपयोगी म्हणून सोडून दिलं असंही नाही. वीस-बावीस वर्षं तिथे लढाई चालली. झीझच्या घळीत बस ज्या छोट्या बोगद्यातून जाते आणि गाईड 'फोटो स्टॉप' म्हणतो, तो फ्रेंच फॉरिन लीजनच्या सैनिकांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोडला. वरझाझात ही १९२८ मध्ये वसलेली लष्करी छावणी, सिनेमाचे स्टुडिओ नंतर आले. ताफिलाल्त पडलं १९३२ मध्ये. १९३३ मध्ये साघ्रो डोंगरात बू गाफरला आयत अत्ता टोळीने तोफा आणि विमानांसमोर काही आठवडे दम काढला. १९३४ ला सगळं 'शांत' झालं. तिशका घाटाचा रस्ता, उंची २,२६० मीटर, याच काळातला. त्याआधी काफिले जायचे शेजारच्या तेलुएत गावावरून, जिथे ग्लावी सरदारांचा गढीवजा वाडा आहे. १८९३ मध्ये सुलतान हसन पहिला ताफिलाल्तहून परतताना बर्फात अडकला. ग्लावींनी त्याच्या सैन्याला खाऊ घातलं. बदल्यात त्यांना एक क्रुप तोफ मिळाली आणि त्या जोरावर त्यांनी सगळी दक्षिण दाबून ठेवली. पुढे थामी अल-ग्लावी माराकेशचा पाशा म्हणून फ्रेंचांचा उजवा हात झाला. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ती सद्दी संपली. म्हणजे आपल्या एसी बसचा दुसऱ्या भागाचा जवळजवळ सगळा रस्ता हा एका लष्करी मोहिमेचा नकाशा आहे.

आणि ताफिलाल्त? तिथे आज खजूर आहे, पण तोही अडचणीत. 'बायूद' नावाच्या बुरशीने गेल्या शतकभरात मोरोक्कोतली लाखो झाडं मारली. आपण सुपरमार्केटमध्ये घेतो तो मेजूल खजूर मूळचा याच भागातला. १९२७ मध्ये रोग पसरत असताना जवळच्या बू देनिबहून ११ रोपं अमेरिकेत नेली, त्यातली ९ जगली आणि कॅलिफोर्नियातल्या बागा त्यांपासून वाढल्या. बरेच खेत्तारा कोरडे पडले आहेत. मातीच्या इमारतीला दर पावसाळ्यानंतर लिंपावं लागतं, आणि लिंपणारी माणसं शहरात गेली की भिंत परत माती होते. सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात तिनमेलची मशीद ढासळली. सिजिल्मासाला तर पडायला भूकंपही लागला नाही. नुसतं विसरणं पुरलं. १९८८ ते १९९८ मध्ये मोरोक्कन आणि अमेरिकन संशोधकांनी तिथे खोदकाम केलं म्हणून निदान शहराचा आराखडा तरी कळला.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी करा. एक, शहरांतली बांधकामं बघताना प्रत्येक ठिकाणी गाईडला विचारा, हे बांधणारे मूळचे कुठले? उत्तर बहुतेक वेळा डोंगरापलीकडचं येईल. दोन, मेरझूगाला सकाळी चहा घेताना ड्रायव्हरशी बोलून रिसानीत एक तास मागून घ्या. बहुतेक गाड्या तिथूनच जातात, आडवाट पडत नाही. मंगळवार, गुरुवार किंवा रविवार असेल तर बाजारही भरलेला असतो. मौले अली शरीफची कबर पाहा, मग पश्चिमेच्या त्या पडक्या भिंतींपाशी दहा मिनिटं उभे राहा. बघण्यासारखं फार नाही. ऊन असेल, टोपी घाला. पण दक्षिणेकडे तोंड केलं की लक्षात येतं, पुढचं मोठं गाव उंटाने दोन महिन्यांवर होतं.